लाइट जाऊन आली की होम असिस्टंट उठत नाही: रास्पबेरी पायवरच्या हबचं दुखणं आणि इलाज

वळवाचे ढग जमायला लागले की ही तक्रार हमखास येते. लाइट गेली होती, परत आली, पण घरातलं ऑटोमेशन, म्हणजे दिवे-पंप चालवणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर आणि ते ज्यावर चालतं तो रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय' किंवा 'हब'), काही सुरू होत नाही. कुणाकडे ॲप नुसतं फिरत बसतं. कुणाकडे ॲप उघडतं, पण सगळे दिवे 'अनअव्हेलेबल' दिसतात. कुणाकडे सगळं चालू असतं, फक्त मागच्या आठवड्याचा वीजवापराचा आलेख कोरा झालेला असतो. मग पायचं मेमरी कार्ड बदललं जातं, सगळं नव्याने बसवलं जातं, काही महिने बरं चालतं आणि पुढच्या लोडशेडिंगला पुन्हा तेच.

कार्ड बदलून हा त्रास थांबत नाही. खराब झालेलं कार्ड हा बहुतेक वेळा परिणाम असतो, मूळ दोष पायला मिळणाऱ्या विजेत असतो. त्यामुळे काम याच क्रमाने करा: आधी वीज, मग साठवण, मग लाइट आल्यावर कोण कुणाच्या आधी उठतं ते. नवीन एसएसडी (कार्डाऐवजी वापरायची डिस्क) घेऊन ती त्याच जुन्या चार्जरवर लावली, तर काही दिवसांनी तीही तशीच रुसते.

मी इथे रास्पबेरी पाय ४ (२०१९) किंवा पाय ५ (२०२३), त्यावर होम असिस्टंट ऑपरेटिंग सिस्टिम, मायक्रोएसडी कार्ड आणि यूएसबीला लावलेला झिग्बी डोंगल (सेन्सर आणि स्विचशी बिनतारी बोलणारी छोटी काडी), अशी मांडणी धरली आहे. पाउलस स्खाउट्सेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेला होम असिस्टंट हा मुक्तस्रोत प्रकल्प घरातल्या घरातच चालतो, इंटरनेट नसलं तरी दिवे-पंखे चालतात. म्हणूनच तो लाइट आल्यावर कुणी हात न लावता उभा राहायला हवा. गावाकडे आई-बाबा एकटे आहेत, पंपाची टाकी आणि फाटकावरचा दिवा या हबवर आहे आणि बसवणारा मुलगा पुण्यात किंवा परदेशात आहे, अशी घरं आता बरीच आहेत. तिथे "जरा कार्ड काढून परत घाला" हे उत्तर चालत नाही.

नेमकं काय बंद आहे ते आधी बघा

"चालत नाही" या दोन शब्दांत चार वेगवेगळे दोष लपलेले असतात. पहिल्या पाच मिनिटांत ते वेगळे करता येतात.

पाय ४ वर दोन दिवे आहेत. लाल दिवा म्हणजे वीज. पुरवठा सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो विझतो, त्यामुळे लुकलुकणारा लाल दिवा दिसला तर पुढचं काहीही तपासण्याआधी चार्जर आणि केबलकडे वळा. हिरवा दिवा कार्डावर वाचन-लेखन चालू असताना चमकतो. तो ठरावीक अंतराने चार वेळा लुकलुकून थांबत असेल, तर पायला सुरुवातीची फाइलच मिळत नाहीये. सात वेळा असेल तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मिळत नाहीये. दोन्हीत कार्डाची फाइल सिस्टिम बिघडलेली असण्याची शक्यता मोठी. पाय ५ वर दोन्हीसाठी एकच दिवा आहे आणि बोर्ड नीट बंद झाला असेल तर तो लाल राहतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हिरवा दिवा नेहमीसारखा चमकतोय, पण ॲप उघडत नाही? मग ब्राउझरमध्ये हबचा आयपी पत्ता टाकून ८१२३ हा पोर्ट उघडून बघा. 'होमअसिस्टंट डॉट लोकल' हे नाव उघडत नसेल आणि आयपीने उघडत असेल, तर हब ठणठणीत आहे, अडचण राउटरच्या बाजूला आहे. ८१२३ उघडत नसेल तर त्याच पत्त्यावर ४३५७ हा पोर्ट बघा. तिथे ऑब्झर्व्हरचं, म्हणजे सिस्टिमवर लक्ष ठेवणाऱ्या भागाचं, छोटं पान येतं. ते आलं म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत आहे आणि फक्त होम असिस्टंट कोअर (मुख्य प्रोग्रॅम) अडकलंय. अशा वेळी कार्ड पुसून नव्याने सुरुवात करायची अजिबात गरज नसते. पायला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा (पाय ४ वर पॉवरच्या शेजारचं एचडीएमआय वापरा), कोअरचे लॉग (नोंदी) बघा आणि ज्या इंटिग्रेशनवर (एखादं यंत्र किंवा सेवा जोडणाऱ्या भागावर) ते थबकतंय ते शोधा. हे पान लोकांना फारसं माहीत नसतं, आणि त्यापायी कितीतरी चांगली सेटअप विनाकारण पुसली जातात.

ॲप उघडलं, पण इतिहास कोरा आहे? मग डेटाबेस बिघडला होता. होम असिस्टंट सुरू होताना इतिहासाची एसक्यूलाइट फाइल तपासतं. ती धड नसेल तर तिच्या नावापुढे 'करप्ट' आणि वेळ जोडून तिला बाजूला ठेवतं आणि नवी कोरी फाइल सुरू करतं. कॉन्फिग फोल्डरमध्ये अशा 'करप्ट' फाइली किती आणि कोणत्या तारखांच्या आहेत ते बघा. त्या तारखा लाइट गेलेल्या दिवसांशी जुळतात का, यावरून निदान पक्कं होतं. (त्या फाइली जागाही बऱ्याच खातात, निदान झालं की काढून टाका.)

एक लक्षण वेगळं सांगितलं पाहिजे. तुम्ही आज एखादं ऑटोमेशन बदललं, ते चाललं, आणि रीबूट झाल्यावर जुनंच परत आलं. असं झालं तर कार्ड संपलंय. आयुष्य संपत आलेली काही कार्डं तक्रार न करता लिहिणं थांबवतात. फाइल लिहिली गेली असं वरवर दिसतं, प्रत्यक्षात आत काहीच जात नाही. त्या कार्डावरून लगेच बॅकअप उतरवून घ्या आणि ते बाद करा.

वीज

पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५.१ व्होल्ट आणि ५ अँपिअर. लोक इथेच फसतात. मोबाइलचा ६५ वॅटचा चार्जर पाहून वाटतं की हा पुरून उरेल. पण असे चार्जर मोठी शक्ती ९ किंवा २० व्होल्टवर देतात. ५ व्होल्टवर ते बहुधा ३ अँपिअरवर थांबतात. पाय ५ ला ५ अँपिअरची हमी मिळाली नाही की तो यूएसबीच्या सगळ्या पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. त्यात एसएसडी आणि डोंगल दोन्ही भागत नाहीत. एरवी कसंबसं चालतं, पण लाइट आल्यावर सगळं एकदम सुरू होताना ओढ वाढते आणि डिस्क गायब होते.

केबलकडेही बघा. बारीक तारांच्या लांब केबलमध्ये चार्जरपाशी ५.१ असलेले व्होल्ट बोर्डापाशी पोचेपर्यंत ४.७ होतात. केबल ज्याला कायमची जोडलेली आहे असा, पायसाठीच बनवलेला अ‍ॅडॉप्टर घ्या. काही शे रुपये जास्त जातात, पण या सगळ्या दुरुस्तीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी खर्च हाच आहे.

पुरवठा कमी पडतोय का, हे हबच सांगतो. होम असिस्टंटमध्ये 'रास्पबेरी पाय पॉवर सप्लाय चेकर' नावाचं इंटिग्रेशन आहे. त्याचा सेन्सर 'प्रॉब्लेम' दाखवत असेल तर शंकाच नको. सेटिंग्ज, सिस्टिम, लॉग्ज इथे जाऊन 'होस्ट' निवडलं आणि 'अंडरव्होल्टेज डिटेक्टेड' ही ओळ सापडली, तरी अर्थ तोच.

आता आपल्याकडच्या लाइटचं. सलग दोन तास लाइट गेली तर पायला फार त्रास होत नाही. त्रास होतो तो लाइट येऊन दहा सेकंदांत परत जाते तेव्हा. डीपीवर फ्यूज टाकला, उडाला, परत टाकला. तारेवर फांदी घासतेय. त्या वेळी पाय अर्धवट सुरू झालेला असतो, मागच्या वेळची अर्धी राहिलेली लिखावट निस्तरत असतो, आणि तेवढ्यात पुन्हा अंधार. फ्लॅश मेमरी एका वेळी मोठा ठोकळा पुसून लिहिते. मध्येच वीज तुटली तर त्या ठोकळ्यातली जुनी, बदललेलीसुद्धा नसलेली माहिती जाऊ शकते. म्हणून कधीकधी ज्या फाइलला कुणी हात लावला नव्हता तीच बिघडलेली सापडते.

गावाकडे एक गोष्ट आणखी असते. चार्जरच्या आतला कॅपॅसिटर क्षणभराचा खंड भरून काढतो, पण त्यात साठणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० व्होल्टऐवजी १७० च येत असतील तर साठा जवळपास निम्मा होतो. शहरात जी झपक पायला कळतही नाही, ती संध्याकाळी सगळे पंप चालू असताना गावात त्याला रीबूट करते.

इलाज दोन. पहिला, छोटा यूपीएस. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस बहुतेक घरांत आता असतोच. त्याच्या ५ व्होल्टच्या यूएसबी छिद्रातून पाय चालवू नका, ते बहुधा २ अँपिअरचं असतं. १२ व्होल्टच्या आउटपुटवरून, ५.१ व्होल्ट आणि ५ अँपिअर देणारा चांगला बक कन्व्हर्टर (व्होल्ट उतरवणारी छोटी पट्टी) लावा, आणि मल्टिमीटरने व्होल्ट मोजूनच पायला जोडा. यूपीएसवर किती अँपिअर मिळतात तेही वाचा, कारण राउटर आणि पाय दोघांची बेरीज त्यात बसायला हवी. वेळेचा हिशेब सोपा आहे. यूपीएसवर ८,००० मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतील, तर ते सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात, म्हणजे सुमारे ३० वॅट-तास. राउटर आणि फायबरची डबी मिळून ८ वॅट, पाय ४ आणि एसएसडी ६ वॅट धरले, तर गळती वजा जाता साधारण दीड तास.

दुसरा इलाज, उशीर. फ्रिजच्या स्टॅबिलायझरमध्ये लाइट आल्यावर काही मिनिटं थांबून मग पुरवठा सोडणारी व्यवस्था असते, तसा ऑन-डिले टायमर पायच्या आधी लावायचा. लाइट तीन मिनिटं टिकली तरच पाय सुरू होतो. वर सांगितलेलं येणं-जाणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. यूपीएस नसलेल्या घरात मी हाच आधी सुचवतो.

कार्ड की एसएसडी

वीज सुधारल्यावर साठवणीकडे या. कार्डावरच राहायचं असेल तर सीसीटीव्ही आणि डॅशकॅमसाठीचं 'हाय एन्ड्युरन्स' कार्ड घ्या आणि वापरण्याआधी एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. बनावट कार्डं बाजारात भरपूर आहेत.

माझं मत मात्र एसएसडीच्या बाजूने आहे. होम असिस्टंट दर काही सेकंदांनी इतिहास लिहीत असतं, आणि हे काम कार्डाच्या स्वभावाचं नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथून डेटा डिस्क एसएसडीवर हलवता येते. सुरुवात कार्डावरून होते, पण सारखं लिहिलं जाणारं सगळं एसएसडीवर जातं. पाय ५ असेल तर एम.२ हॅट (पायवर बसणारा जोडबोर्ड) लावून पूर्ण सिस्टिमच त्यावरच्या एनव्हीएमई एसएसडीवर नेणं जास्त चांगलं.

पाय ४ वर एसएसडी लावताना दोन गोष्टी बघा. त्याची सगळी यूएसबी पोर्टं मिळून १.२ अँपिअरच देतात, त्यामुळे जास्त ओढणारी डिस्क असेल तर स्वतःचा पुरवठा असलेला यूएसबी हब लागेल. आणि सगळे साटा-यूएसबी अ‍ॅडॉप्टर पायशी जुळत नाहीत. डिस्क मधूनच तुटत असेल, लॉगमध्ये 'यूएएस' (यूएसबी डिस्कशी वेगाने बोलायची पद्धत) असलेल्या चुका दिसत असतील, तर दोष डिस्कचा नसून अ‍ॅडॉप्टरच्या चिपचा असतो. बूट विभागातल्या सीएमडीलाइन फाइलमध्ये त्या चिपसाठी यूएएस बंद करता येतं. त्याने वेग थोडा कमी होतो, स्थैर्य बरंच वाढतं.

लिहिणं कमी करणंही हातात आहे. रेकॉर्डरमधून (इतिहास लिहिणाऱ्या भागातून) सिग्नलची ताकद, अपटाइम आणि सेकंदासेकंदाला बदलणारे वॅट-व्होल्टचे सेन्सर वगळा. 'कमिट इंटरव्हल' (किती वेळाने डिस्कवर लिहायचं ते) मुळात ५ सेकंद असतो, कार्डावर असाल तर ३० करा. लाइट गेली तर फार तर शेवटचा अर्धा मिनिट जाईल.

इतिहास मारियाडीबी या वेगळ्या डेटाबेसवर हलवा, असा सल्ला या त्रासावर बऱ्याचदा दिला जातो. मी तो देत नाही. लाइट तशीच झपकत राहिली तर मारियाडीबीही बिघडतो आणि तो दुरुस्त करणं घरच्या माणसाच्या आवाक्यातलं नसतं. एसक्यूलाइट निदान स्वतःहून बाजूला होऊन नवी पाटी घेतो.

बॅकअप रोजचा आपोआप होऊ द्या आणि तो पायच्या बाहेर जाऊ द्या: घरातल्या नेटवर्क ड्राइव्हवर किंवा क्लाउडवर. जानेवारी २०२५ पासून हे आपोआप होणारे बॅकअप मुळात कूटबद्ध (किल्लीशिवाय न उघडणारे) असतात, त्यामुळे 'इमर्जन्सी किट'मधली किल्ली कागदावर उतरवून ठेवा. ती फक्त हबमध्येच राहिली तर बॅकअप असून नसल्यासारखा. नव्याने बसवायची वेळ आली तर ६४-बिट इमेजच घ्या. ३२-बिटचा आधार थांबवत असल्याचं प्रकल्पाने २०२५ मध्येच जाहीर केलं आहे.

हब उठला, पण झिग्बी नाही

डोंगल कोणत्या पत्त्यावर आहे ते बघा. सेटिंगमध्ये 'टीटीवाय यूएसबी शून्य' असं काही दिसत असेल तर दोष सापडला. हा क्रमांक रीबूटमध्ये बदलू शकतो, विशेषतः दुसरंही सीरियल यंत्र लावलेलं असेल तर. त्याऐवजी 'सीरियल बाय-आयडी'खालचा लांबलचक पत्ता द्या. त्यात डोंगलचा स्वतःचा क्रमांक असतो, तो बदलत नाही.

डोंगल सरळ पायच्या निळ्या पोर्टात खोचला असेल तर काढा. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो आणि झिग्बी तिथेच बोलतो. एसएसडी लावल्यावर झिग्बी बिघडला, असं म्हणणाऱ्यांचं कारण बहुतेकदा हेच. डोंगल काळ्या पोर्टात, मीटरभर लांब एक्स्टेंशन केबलवर लावा.

झिग्बीची यंत्रं होम असिस्टंटला जोडणारे झिग्बी२एमक्यूटीटी आणि मॉस्किटो हे प्रोग्रॅम वापरत असाल तर दोन्ही अ‍ॅड-ऑनमध्ये 'स्टार्ट ऑन बूट' आणि 'वॉचडॉग' (अडकलं तर पुन्हा सुरू करणारी सोय) चालू ठेवा. आणि लाइट आल्यावर थोडा धीर धरा. भिंतीतली स्विच-मॉड्यूल आधी उठतात, त्यांच्यावर विसंबलेले सेलवरचे सेन्सर मागाहून जोडले जातात. पहिल्या दहा मिनिटांत त्यांना काढून पुन्हा जोडायला घेऊ नका.

वायफायच्या वस्तूंसाठी राउटरमध्ये प्रत्येकीचा आयपी पक्का करा, हबचा सर्वांत आधी. हब शक्यतो लॅनच्या तारेवरच ठेवा.

वेळेचाही एक गोंधळ होतो. पाय ४ मध्ये घड्याळ नाही. लाइट चार तास गेली, पाय उठला, पण फायबर अजून आलं नाही, तर त्याच्या लेखी अजून दुपारच असते. संध्याकाळचा दिवा लागत नाही. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, त्याला छोटी बॅटरी जोडायची असते, ती जरूर जोडा. पाय ४ वर राउटर यूपीएसवर ठेवणं हाच व्यवहार्य मार्ग.

लाइट आल्यावर भलतेच दिवे लागतात

रात्री अडीचला लाइट येते आणि घरभर उजेड पडतो. यात दोन कारणं असतात. बल्ब आणि मॉड्यूलमध्ये 'पॉवर-ऑन बिहेवियर' नावाची सेटिंग असते. ती 'ऑन'वर असेल तर 'प्रीव्हियस' किंवा 'ऑफ' करा. दुसरं कारण ऑटोमेशनमध्ये असतं. सेन्सर 'अनअव्हेलेबल'वरून 'ऑन'वर आला, हाही होम असिस्टंटच्या दृष्टीने बदलच. ट्रिगरमध्ये (ऑटोमेशन कशावरून सुरू व्हायचं त्या अटीत) फक्त 'ऑन झाला तर' न लिहिता 'ऑफवरून ऑन झाला तर' असं लिहा. पंपाच्या बाबतीत तर हे न चुकता करा, कोरडा पंप फिरत राहिला तर मोटर जळते.

इन्व्हर्टरच्या घरातला सापळा

इन्व्हर्टरला बहुधा मागे किंवा पुढे यूपीएस आणि इको (किंवा नॉर्मल) अशी निवड असते. इकोमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पाय रीबूट होऊ शकतो. यूपीएस मोडमध्ये पाय रीबूट होत नाही. पण यूपीएस मोड कमी व्होल्टेज चालवून घेत नाही, साधारण १८० च्या खाली गेलं की बॅटरीवर उडी मारतो. जिथे रोज संध्याकाळी १६० व्होल्ट असतात, तिथे बॅटरी रोज रिकामी होईल. त्या घरात इन्व्हर्टर इकोवरच राहू द्या आणि पायला वेगळा मिनी यूपीएस द्या.

काही जण आणखी पुढे जाऊन यूएसबीवाला यूपीएस, त्याची स्थिती वाचणाऱ्या 'नट' अ‍ॅड-ऑनने जोडतात आणि बॅटरी संपत आली की हब नीट बंद होईल असं ऑटोमेशन लिहितात. कल्पना उत्तम, पण एक अडचण राहते. हब बंद झाला आणि बॅटरी पूर्ण संपायच्या आतच लाइट आली, तर पायचा पुरवठा कधी तुटलेलाच नसतो. पाय ४ पुरवठा तुटून पुन्हा आल्याशिवाय उठत नाही. तो बंदच राहतो. पाय ५ चा लाल दिवा तेव्हा हेच सांगत असतो, तिथे निदान बटण आहे. म्हणून बंद करण्याची पातळी अगदी खाली, बॅटरी संपता संपता ठेवा, किंवा यूपीएसलाच आउटपुट तोडायची आज्ञा द्या.

सगळं झाल्यावर चाचणी घ्या, आणि तुम्ही घरी असताना घ्या. ताजा बॅकअप बाहेर गेलाय ना ते बघा, मग मेन एमसीबी पाडा. एकदा दहा मिनिटांसाठी. नंतर लागोपाठ चालू-बंद-चालू, फ्यूज उडाल्यासारखं. आणि एकदा मिनी यूपीएस पूर्ण उतरेपर्यंत. प्रत्येक वेळी कॉन्फिग फोल्डरमध्ये नवी 'करप्ट' फाइल आली का, झिग्बीचे सेन्सर परतले का, आणि पंप बंदच राहिला का, एवढं तपासा. पायच्या प्लगवर मराठीत चिठ्ठी चिकटवा: "दिवे ॲपवरून चालत नसतील तर हा स्विच बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा, पाच मिनिटं थांबा." आणि भिंतीवरची साधी बटणं हब बंद असतानाही दिवे लावतील अशीच जोडणी ठेवा.